काडी कोण ओढणार?

आमच्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी गेल्या काही वर्षांत कर्जत नाहीतर खालापूर तालुक्यात 'सेकंड होम' नावाचं काहीतरी घेऊन ठेवलंय. कुणाचा चार गुंठ्यांवरचा बंगला, कुणाचं कॉलनीतलं रो-हाउस, कुणी जुनं कौलारू घर विकत घेऊन 'रिस्टोअर' करतोय. पत्ता विचारला की हमखास उत्तर येतं, "अरे, ठाकुरवाडीच्या जरा अलीकडे." आता ठाकुरवाडी या भागात एक का आहे? जिथे ठाकर लोकांची वस्ती तिथे ठाकुरवाडी. भोर घाटात रेल्वेची केबिन आहे तिचंही नाव ठाकुरवाडीच. त्यामुळे या पत्त्यावर पोचणं हा एक स्वतंत्र ट्रेक असतो. असो. आजचा विषय पत्त्याचा नाही, या घरांमधल्या स्वयंपाकघरांचा आहे.

नवीन खूळ आलंय ते म्हणजे व्हिंटेज गॅस कुकर. चार बर्नर, खाली ओव्हन, बिडाच्या जाडजूड जाळ्या, क्रीम किंवा फिकट हिरवं एनॅमल, हातात भरणारे नॉब. मुंबईतला एखादा जुना फ्लॅट रिकामा होतो, सामान भंगारवाल्याकडे जातं, तिथून चोरबाजारात, आणि तिथून कुणीतरी इंटिरियर डिझायनर ते उचलून कर्जतच्या किचनमध्ये आणून बसवतो. का? तर म्हणे किचनला 'कॅरॅक्टर' येतं. घासून, पॉलिश करून, नवीन नळी लावून झाली की 'फुल्ली रिस्टोअर्ड'. फोटो निघतात. लाइक येतात.

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे कुणी मला जुन्याचा द्वेष्टा ठरवायला नको. मला ही वस्तू मनापासून आवडते. बिडाची जाळी पन्नास वर्षांत वाकत नाही, आणि हल्लीच्या काचेच्या शेगड्या तडकलेल्या मी पाहिल्यात. माझं भांडण शेगडीशी नाही. माझं भांडण 'रिस्टोअर्ड' या शब्दाशी आहे. गॅसची शेगडी हे फर्निचर नाही. कपाटाला पॉलिश केलं की कपाट नवं होतं. शेगडीचा जो भाग माणूस मारू शकतो तो पॉलिशच्या आत असतो आणि त्याला कुणी हातही लावलेला नसतो. आमच्या धंद्यात याला म्हणतात, जुन्या सिस्टिमला नवा स्क्रीन लावून 'अपग्रेड' म्हणून बिल फाडणं. तिथे फार तर सर्व्हर पडतो.

पहिला प्रश्न कुणी विचारतच नाही तो म्हणजे, ही शेगडी कुठल्या गॅसची आहे? मुंबईत १८६५ साली रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. तो गॅस दगडी कोळसा भाजून काढलेला होता. लालबागची गॅस कंपनी लेन त्याच काळाची आठवण आहे. हाच गॅस पुढे पाइपातून घराघरांत स्वयंपाकालाही गेला. सिलिंडरमधला एलपीजी मुंबईत आला १९५५ मध्ये, बर्मा शेलचा 'बर्शेन' या नावाने. जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'बर्शेन' शब्द असतो. आणि आता तिसरा प्रकार, पाइपातून येणारा नैसर्गिक वायू. तीन गॅस, तीन स्वभाव. चोरबाजारात मिळालेला विलायती कुकर यातल्या कुठल्याही गॅसचा असू शकतो, आणि विकणाऱ्याला ते माहीत असण्याची शक्यता फार कमी.

याने काय फरक पडतो? सगळाच. बर्नरच्या खाली एक पितळी जेट असतो आणि त्याला सुईने पाडल्यासारखं एक भोक. त्या भोकातून किती आच बाहेर पडणार हे भोकाचं क्षेत्रफळ, गॅसचा दाब आणि गॅसचा स्वतःचा गुण यांवर ठरतं. या गुणाला वॉबी निर्देशांक असं नाव आहे. कोळशाच्या गॅसमध्ये अर्ध्याच्या आसपास हायड्रोजन, त्यामुळे तो उष्णतेच्या बाबतीत पातळ, आणि त्याच्या जेटची भोकं मोठी. एलपीजीचा निर्देशांक त्याच्या साधारण तिप्पट. म्हणजे त्याच भोकातून एलपीजी सोडला तर तिप्पट आच, शिवाय आपल्या रेग्युलेटरचा ३० मिलिबारचा दाब जुन्या गॅसपेक्षा जास्त, म्हणजे त्याहूनही वर. आणि तेवढ्या गॅसला पुरेल इतकी हवा त्या बर्नरला ओढताच येत नाही. मग काय होतं? लांब, पिवळ्या, डुलणाऱ्या ज्वाळा. भांड्याचं बूड काळं. आणि जिथे काजळी आहे तिथे कार्बन मोनॉक्साइड आहे. नैसर्गिक वायूच्या शेगडीला सिलिंडर जोडला तरी जातकुळी तीच, प्रमाण थोडं कमी. फोटोत मात्र ती पिवळी ज्वाळा सुंदर दिसते, एकदम 'वॉर्म'.

दुसरी गोष्ट, नॉब. जुन्या नळांत निमुळती पितळी खुंटी असते आणि ती ग्रीसच्या जोरावर गॅस अडवते. तीस वर्षं अडगळीत पडलेल्या शेगडीतलं ग्रीस वाळून खडू झालेलं असतं. नॉब 'बंद'वर आहे, पण गॅस बंद नाही. एलपीजीचा आणखी एक गुण म्हणजे तो साध्या रबराला खातो. म्हणून गॅसच्या नळीचं आतलं रबर वेगळं असतं. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडची कुठलीही नळी त्याला चालत नाही, मग ती दिसायला कितीही केशरी असो. तिसरी गोष्ट, ओव्हन. जुन्या ओव्हनच्या दाराच्या दोरीत आणि पाठीमागच्या पत्र्यात अॅसबेस्टॉस असण्याची चांगलीच शक्यता, आणि आपला कारागीर ते पॉलिश पेपरने घासतो, तोंडाला रुमाल न बांधता. त्याची फुप्फुसं कोटेशनमध्ये कुठेच नसतात.

हे सगळं सांगितलं की एक ठरलेलं उत्तर येतं. "अरे, आमच्या आजीने असलीच शेगडी चाळीस वर्षं वापरली. काही झालं नाही."

आजीला नमस्कार. पण जरा आजीचं स्वयंपाकघर आठवा. शेगडी उघड्या ओट्यावर, सिलिंडर ओट्याखाली उघड्यावर, डोळ्यांसमोर. खिडकी सताड उघडी. मोरीला लागून दार, तेही उघडं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे आजी. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत ती तिथेच. जरा वास आला की तिच्या नाकाला कळणार. दर रात्री झोपण्याआधी रेग्युलेटर बंद करणार, तेही दोनदा बघून. आजीची सुरक्षा शेगडीत नव्हती, आजीत होती. आणि ती शेगडीही चाळीस वर्षं 'तीच' नव्हती. मेकॅनिक येऊन नॉब बदलत होता, बर्नर बदलत होता, नळी बदलत होता. आपण त्यातला फक्त सांगाडा उचलून आणला. उघडी खिडकी नाही आणली. आजी तर नाहीच.

त्या जागी आपण काय आणलं? मॉड्युलर किचन. सिलिंडर दिसायला वाईट, म्हणून तो ट्रॉलीच्या कपाटात, दार घट्ट बंद, सॉफ्ट क्लोज. इथे मी थोडं गणित करतो, ज्यांना कंटाळा येतो त्यांनी पुढच्या पॅरावर उडी मारावी. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. गळला की वर जात नाही, पाण्यासारखा खाली बसतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण २ टक्के झालं की ठिणगीने पेट घेतो. दोन फूट बाय दोन फूट बाय अडीच फुटांच्या कपाटात मावते अंदाजे २७० लिटर हवा. तिचे २ टक्के म्हणजे साडेपाच लिटर गॅस. वजनात किती? बारा ग्रॅम. १४.२ किलोच्या सिलिंडरमधले बारा ग्रॅम. एक मोठा चमचा साखर धरा. आता तेच अख्ख्या दहा बाय दहाच्या स्वयंपाकघरासाठी करा, तर किलोच्या थोडं वर येतं. पण ते गॅस सगळीकडे सारखा पसरला तर. तो पसरत नाही, जमिनीवर थर करून बसतो, म्हणजे किलोही लागत नाही.

आता यात वीकेंड घाला.

मुंबईच्या फ्लॅटमध्ये गळती झाली तर कुणीतरी घरात असतं, नाहीतर शेजारी असतो. कर्जतचं घर रविवारी रात्री बंद होतं ते शुक्रवारी संध्याकाळी उघडतं. पाच दिवस, म्हणजे १२० तास. सगळ्या खिडक्या बंद, कारण माकडं येतात. नॉबमधून तासाला दहा ग्रॅम गॅस गळत असेल, नाकाला जेमतेम जाणवेल इतका, तरी पाच दिवसांत १२०० ग्रॅम. काही फटींतून निघून जाईल, मान्य. सगळा जाईल? आणि घर 'बंद' म्हणजे फ्रिज बंद नव्हे. फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि त्याचा रिले कुठे असतो? खाली, मागे, जमिनीपासून वीतभर. बरोब्बर जिथे गॅस बसलाय तिथे.

आणि शुक्रवारी संध्याकाळी दार उघडून दिव्याचं बटण कोण दाबतं? आपण नाही. आपण तेव्हा एक्स्प्रेसवेवर अडकलेलो असतो आणि फोनवर सांगत असतो, "ताई, जरा घर उघडून ठेवा, चहा टाकून ठेवा." ताई म्हणजे केअरटेकरची बायको, बहुतेक वेळा त्याच ठाकुरवाडीतली. माझ्या सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. शेगडी आपली, हौस आपली, फोटो आपले. काडी तिच्या हातात.

हो, काडीच. या जुन्या कुकरना ऑटो इग्निशन नाही, आणि ज्योत विझली तर गॅस आपोआप तोडणारा तो छोटा थर्मोकपलही नाही. वाऱ्याने बर्नर विझला की गॅस चालूच. ओव्हन तर याहून वाईट. नॉब फिरवायचा, वाकायचं, दार उघडून आत काडी न्यायची. काडी पेटायला दोन सेकंद उशीर झाला की जड एलपीजी ओव्हनच्या तळाशी साठतो आणि मग भपका थेट तोंडावर. एका मित्राच्या घरी मी त्या ताईंना विचारलं, ओव्हन वापरता का? त्या म्हणाल्या, "नाय दादा. ती बया भपकन पेटते. तुम्ही लोक नसला की मी आपली मागं तीन दगडांवर चा करते." घरमालक हसले, वाडीच्या लोकांना नवीन गोष्टींची भीती वाटते म्हणाले. नवीन! पन्नास वर्षांपूर्वीची शेगडी! माझ्या मते त्या घरात जोखमीचा अंदाज फक्त त्या बाईला आलेला होता, आणि तिने तो कृतीत आणलेला होता.

यात एक गंमत आहे, कडू आहे पण आहे. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली ती अशा घरांतल्या बायकांना चुलीच्या धुरातून सोडवायला. २०२१ पासून दुसऱ्या टप्प्यात पहिला सिलिंडर आणि शेगडीही फुकट मिळू लागली. म्हणजे वाडीतल्या घरात आयएसआयची साधी दोन बर्नरची शेगडी, नवी सुरक्षा नळी, सगळं नियमात. तिची अडचण रिफिलच्या पैशांची. आणि रस्त्याच्या पलीकडे आपल्या लाखभराच्या किचनमध्ये कुठलाही छाप नसलेली, कुठल्या गॅसची ते माहीत नसलेली शेगडी. पैसे आपल्याकडे, सुरक्षित शेगडी तिच्याकडे.

"एवढं काय होतंय, विमा असतो ना." असतो. तेल कंपन्यांचा विमा असतो, अपघाती मृत्यूला माणशी ६ लाखांपर्यंत. पण मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई ग्राहकाच्या नोंदणीकृत पत्त्यावर झालेल्या अपघातासाठी असते. आता मनाशी विचारा, कर्जतच्या घरातला सिलिंडर कुठल्या पत्त्यावर नोंदलेला आहे? बऱ्याच जणांनी ठाण्याच्या नाहीतर बोरिवलीच्या घरचा जास्तीचा सिलिंडर डिकीत टाकून आणलेला असतो. आणि तेच घर शनिवार-रविवार भाड्याने देत असाल तर घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर तिथे चालतच नाही, व्यावसायिक १९ किलोचा लागतो. हा नियम किती वीकेंड बंगल्यांत पाळला जातो ते तुम्हीच बघून या.

आणि भाजलेल्या माणसाला घेऊन जायचं कुठे? भाजलेल्यांसाठीचं नॅशनल बर्न्स सेंटर ऐरोलीला. वाडीपासून आधी कच्चा रस्ता, मग कर्जत, मग पनवेल, मग पुढे. पावसाळ्यातल्या शनिवारी हा रस्ता कसा असतो हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्हीच त्या ट्रॅफिकमध्ये असता.

मग काय करायचं, फेकून द्यायची का? बिलकुल नाही. पण कामाला लावायची तर क्रम उलटा करा. डिझायनर आणि पॉलिशवाला शेवटी, गॅसचा माणूस आधी. आपल्या गॅस एजन्सीचा मेकॅनिक बोलवा आणि त्याला पहिला प्रश्न विचारा, या बर्नरना एलपीजीचे योग्य मापाचे जेट मिळतात का? 'मिळतात' म्हणजे विकत मिळतात. भोकाला वेल्डिंग करून परत ड्रिल मारून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा, मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा हिशोब हाताच्या ड्रिलने होत नसतो. जेट मिळत नसतील तर विषय संपला. आतलं सगळं काढून टाका, एनॅमलचा सांगाडा ठेवा आणि वर आयएसआयची साधी शेगडी बसवा. खालचा ओव्हन भांडी ठेवायला. कॅरॅक्टर शाबूत राहतं, हवं तर फोटो काढा.

जेट मिळाले तर मग नॉब, त्यांच्या खुंट्या, आतली गॅसची नळी आणि सगळे सांधे नवीन. बर्नरच्या तोंडाशी हवेची झडप असते ती निळी ज्योत येईपर्यंत लावून घ्यायची. दाराची दोरी कशाची आहे हे कळल्याशिवाय घासायची नाही, काढायचीच असेल तर ओली करून, मास्क लावून. बाहेरची नळी जाळीवाली सुरक्षा नळीच, दीड मीटरपेक्षा लांब नाही, मधे जोड नाही, ओव्हनच्या तापणाऱ्या पाठीमागून नेलेली नाही, भिंतीतून तर नाहीच नाही. तिच्यावर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी बदलायची. भिंत ओलांडायची असेल तर तांब्याची पाइपलाइन एजन्सीच्या माणसाकडून. आणि कर्जतला जागेची काय कमी आहे? सिलिंडर घराबाहेर ठेवा, सावलीत, जाळीच्या दाराच्या कपाटात, गटारापासून आणि तळघराच्या खिडकीपासून लांब. कपाटात बारा ग्रॅमचं गणित होतं, मोकळ्या हवेत ते बसत नाही. सिलिंडर आतच ठेवायचा हट्ट असेल तर निदान त्या कपाटाच्या दाराला खाली, जमिनीलगत, जाळी पाडा. डिझायनर वर पाडतो, कारण वर बरी दिसते. एलपीजी वर जात नाही हो.

गळती तपासायची ती साबणाच्या पाण्याने. काडीने तपासणारे महाभाग अजून आहेत. नवीन सिलिंडर आला की तोंडातली रबरी रिंग जागेवर आहे का ते बघायचं, ती नसते कधीकधी. रविवारी निघताना नुसता नॉब नाही, रेग्युलेटर बंद करून काढायचा आणि सिलिंडरला दोरीची पांढरी टोपी लावायची. तीस सेकंदांचं काम आहे, चार्जर विसरलो म्हणून आपण घाटातून परत येतो त्यापेक्षा पुष्कळ कमी.

आणि ताईंना सांगायचं. समोर उभं राहून, मेकॅनिकच्या तोंडून, मराठीत. वास आला तर बटण दाबायचं नाही, चालू असलेलं बंदही करायचं नाही, दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर जायचं, १९०६ ला फोन लावायचा, आणि फोनही बाहेर जाऊनच. तो नंबर दाराच्या बाहेरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहायचा. आतल्या फ्रिजवर मॅग्नेटने लावलेला नंबर वाचायला आत जावं लागतं. एवढं करूनही त्या म्हणाल्या की मी त्या शेगडीला हात लावणार नाही, तर वाद घालायचा नाही. त्यांच्यासाठी बाजूला साधी, आयएसआयची, दोन बर्नरची शेगडी ठेवायची. ती व्हिंटेज कुकरच्या नुसत्या पॉलिशपेक्षाही स्वस्त पडते, मी दोन्हींचे भाव विचारून आलोय.